करून पाहणारे संस्थान

1893 मध्ये बडोदे सरकारने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करायचे ठरवले, तेव्हा त्याचा आरंभ राजधानीत झाला नाही. त्यासाठी अमरेली निवडली गेली. बडोद्यापासून दूर काठेवाडात असलेले हे शहर आणि त्याच्या तालुक्यातली नऊ गावे, एवढ्यापुरताच हा नियम लागू झाला. इतक्या मुलांसाठी शिक्षक कुठून आणायचे, पेरणीच्या दिवसांत वर्ग भरतील का, मुलगा शाळेत आला नाही म्हणून बापाला दंड करायचा तर तो वसूल कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळणारी नव्हती. ती अमरेलीत शोधायची होती. तेरा वर्षांनी, 1906 मध्ये, कायदा संबंध संस्थानाला लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा ठरली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांच्या हाताशी बडोद्याचे उदाहरण होते. ब्रिटिश सरकारने ते विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले.

अमरेलीची निवड समजून घ्यायची तर बडोदे संस्थानाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. क्षेत्रफळ सुमारे आठ हजार चौरस मैल, विसाव्या शतकाच्या आरंभी लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. पण मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले, मधे कुठे इंग्रजी हद्द तर कुठे दुसऱ्या संस्थानाची. प्रांतांच्या सुभ्यांना आणि तालुक्यांच्या वहिवाटदारांना हा विस्कळीतपणा डोकेदुखीच असणार. तरी त्याचा एक फायदा होता. एका प्रांतात काही नवे करून पाहिले आणि ते फसले, तर बाकीच्या तीन प्रांतांचे काही बिघडत नव्हते.

बडोद्याच्या इतिहासात महाराजा सयाजीराव गायकवाडांचे नाव इतके मोठे आहे की बाकीची माणसे त्याखाली झाकली जातात. वाचनालये सयाजीरावांनी काढली, कलाभवन सयाजीरावांनी स्थापन केले, आजव्याचे पाणी सयाजीरावांनी आणले, असेच शाळेच्या पुस्तकांपासून गौरवग्रंथांपर्यंत सगळीकडे वाचायला मिळते. ते खोटे नाही. पण यातली एकेक गोष्ट उलगडत गेले की तिच्या मुळाशी बहुधा दुसरेच कुणीतरी सापडते. कुणी शाळामास्तर, कुणी रसायनाचा प्राध्यापक, कुणी बांधकाम खात्यातला इंजिनियर, कुणी पोथ्या चाळणारा पंडित. सयाजीरावांचे खरे कर्तृत्व या माणसांना सुचू दिले, बोलू दिले आणि करून पाहू दिले यात आहे. महाराज म्हणून मिळालेल्या अधिकारापेक्षा हे कर्तृत्व अधिक दुर्मीळ आहे.

आरंभ तर निराशाजनक होता. 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून दूर केले, तेव्हा खजिना आणि कारभार दोन्ही मोडकळीला आलेले होते. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव महाराज यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तोच सयाजीराव झाला. शेतकऱ्याच्या घरातल्या या मुलाला तोवर अक्षरओळखही नव्हती. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा चार भाषा त्याला एकदमच शिकाव्या लागल्या. कारभार सावरायला आलेले दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्य कसे करावे यावर त्याला व्याख्याने दिली. ती 1881 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी 28 डिसेंबरला, अठराव्या वर्षी, सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. आपल्याला काही येत नाही या जाणिवेतून ज्याचे शिक्षण सुरू झाले, त्याला दुसऱ्या जाणकाराचे ऐकण्यात कमीपणा वाटला नसावा.

शहराच्या पाण्याची गोष्ट घ्या. बडोद्याची तहान विहिरी, पायऱ्यांच्या वाव आणि तलाव यांच्यावर भागत असे. खंडेराव महाराजांच्या मनात नर्मदेचे पाणी आणायचे होते, पण ते झाले नाही. सयाजीरावांच्या काळात संस्थानच्या नोकरीतल्या जगन्नाथ सदाशिवजी या मराठी इंजिनियरने वेगळी जागा सुचवली. शहराच्या पूर्वेला आजवा गावाजवळ सूर्या नदी अडवायची, आणि जागा उंचावर असल्याने पाणी आपल्या उताराने नळांतून शहरात आणायचे. 1885 मध्ये कामाला हात घातला गेला आणि 1892 मध्ये पाणी शहरात पोहोचले. तलावाला सयाजी सरोवर हे नाव पडले. इंजिनियरचे नाव शहरात फारसे कुणी घेत नाही. ते घेतले जावे असे वाटते.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे नाव मात्र पुसले गेले नाही. 1863 साली, म्हणजे सयाजीरावांच्याच जन्मवर्षी, सुरतेत सुतारकामाची परंपरा असलेल्या घरात ते जन्मले, रसायनशास्त्र शिकले आणि बडोदा कॉलेजात शिकवायला आले. गज्जरांना एक गोष्ट सतत खुपत होती. जर्मनीतून येणाऱ्या कृत्रिम रंगांनी देशी रंगाऱ्यांचा धंदा बुडत चालला होता, आणि ज्या शास्त्राने तो बुडवला ते शास्त्र रंगाऱ्यापर्यंत पोहोचवायला कोणी तयार नव्हते. कॉलेजातली रसायनशाळा इंग्रजी येणाऱ्यांची. हात रंगलेल्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. गज्जरांनी कारागिरांसाठी वेगळी शाळा मागितली. यंत्रकाम, रंगकाम, विणकाम, चित्रकला, बांधकाम असे विषय, आणि शिकवणे विद्यार्थ्यांच्या भाषेत.

पगारी प्राध्यापकाने आपल्या खात्याबाहेरची, खर्चिक आणि कुठेच न पाहिलेली गोष्ट राजाकडे मागावी, हे त्या काळच्या संस्थानी रीतीत बसणारे नव्हते. सयाजीरावांनी ती मान्य केली आणि 1890 मध्ये कलाभवन सुरू झाले. शास्त्रे गुजरातीत शिकवायची तर पुस्तके हवीत, पुस्तके हवीत तर परिभाषा हवी. म्हणून गज्जरांनी ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही तांत्रिक ग्रंथांची माला हाती घेतली, तिलाही राज्याचे पैसे मिळाले. 1890 मध्येच नाशिककडचा एक वीस वर्षांचा तरुण कलाभवनात दाखल झाला आणि चित्रकला, छायाचित्रण यांत रमला. धुंडिराज गोविंद फाळके त्याचे नाव. पुढे 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ करताना फाळक्यांनी पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळे स्वतः सांभाळले. हाताने आणि डोक्याने एकत्र काम करायचे हे वळण ज्या ठिकाणांनी त्यांना लावले, त्यांत कलाभवनाला मानाची जागा द्यायला हवी.

गज्जर 1896 मध्ये बडोदे सोडून मुंबईला गेले. तिथे त्यांनी प्रयोगशाळा काढली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर कोणी फासलेले डांबर, जे कुणाला निघत नव्हते, ते काढून देऊन नाव मिळवले. 1907 मध्ये कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्यासोबत त्यांनी अलेंबिक केमिकल वर्क्सची उभारणी केली. ही कंपनी पुढे बडोद्यातच वाढली आणि औषधांच्या धंद्यात आजही आहे. राज्याने ज्याच्यावर खर्च केला तो माणूस निघून गेला, तरी त्याने शिकवलेली माणसे राहिली. असा हिशेब मांडायला मोठा धीर लागतो.

वाचनालयांच्या चळवळीची कथा बहुधा 1910 पासून सांगितली जाते. त्या वर्षी सयाजीराव अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहून भारावले, आणि कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अलन्सन बोर्डन यांना घेऊन आले. पण गुजरातेतल्या चरोतर भागात विचारले तर लोक वेगळा आरंभ सांगतात. वसो गावचे मोतीभाई अमीन हे साधे शिक्षक. आपल्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना जमवून त्यांनी ‘मित्रमंडळ’ केले, आणि थोडीथोडी वर्गणी काढून गावोगाव छोटी वाचनालये सुरू केली. ही हालचाल 1906 मधली, बोर्डन यायच्या चार वर्षे आधीची. त्यामागे सरकारी हुकूम नव्हता, वरून आलेली योजना नव्हती.

बोर्डन आल्यावर राज्याने मोतीभाईंना बाजूला सारले असते तर ते सहज खपून गेले असते. साहेब आला, शास्त्र आले, मास्तरांची हौशी वाचनालये आता कशाला, असे म्हणायला कारभारातली माणसे नेहमीच तयार असतात. बडोद्यात मोतीभाईंनाच ग्रंथालय खात्यात घेतले गेले. अमेरिकेतली पद्धत आणि चरोतरमधला अनुभव एकाच खात्यात आले, आणि त्यातूनच गावाने पैसे उभे करायचे हे सूत्र खात्याच्या नियमांत शिरले. गाव जेवढी रक्कम जमवील तेवढीच प्रांत पंचायत देईल आणि तेवढीच सरकार देईल, म्हणजे तिघांचा वाटा सारखा. ज्या गावाला वाचनालय नको असेल तिथे ते लादले जाणार नव्हते, आणि ज्याला हवे असेल त्याला स्वतःच्या खिशाला हात घालून ते सिद्ध करावे लागे. जिथे वाचनालय उभे राहू शकत नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. ही फिरती वाचनालये 1911 मध्ये सुरू झाली.

बोर्डन तीनच वर्षे राहिले, पण त्या काळात त्यांनी आपल्यावाचून अडू नये अशी तजवीज केली. 1911 मध्ये त्यांनी ग्रंथपालनाचा वर्ग काढला. भारतातला तो पहिला समजला जातो. कटर आणि ड्यूई यांच्या पद्धती जुळवून त्यांनी बडोद्यापुरती वर्गीकरणाची रीत बसवली. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया सयाजीरावांनी स्वतःच्या संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तके देऊन घातला, आणि त्यासाठी अमेरिकन कंपनीचे पोलादी फडताळांचे मजले मागवले. बोर्डन परतले तेव्हा जनार्दन सखाराम कुडाळकर हा मराठी माणूस खाते सांभाळायला तयार होता. त्यांनी 1919 मध्ये या चळवळीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. माणसे बदलत गेली, खाते चालत राहिले. संस्थानी कारभारात हे क्वचितच घडे, कारण तिथे माणूस गेला की त्याचे कामही जाई.

त्याच मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत शाखेत चिमणलाल डाह्याभाई दलाल काम करत. कडी प्रांतातल्या पाटणला जैन भांडारांत शतकानुशतके ताडपत्रे जपून ठेवलेली होती, पण ती बाहेरच्या माणसाला पाहायला मिळणे कठीण. 1914 मध्ये राज्याने दलालांना तिकडे धाडले. त्यांनी भांडारे तपासली, आणि राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ 1916 मध्ये गायकवाड्स ओरिएंटल सिरीजचे पहिले पुस्तक म्हणून बाहेर पडली. ‘भविसयत्तकहा’ या अपभ्रंश काव्याचे संपादन दलालांनी सुरू केले होते, पण 1918 मध्ये ऐन उमेदीत ते गेले. पुण्याच्या पांडुरंग दामोदर गुण्यांनी ते पुरे केले.

या सगळ्यामागे काही सवयी होत्या. परदेशात शिकायला माणसे पाठवणे ही त्यातली सर्वांत खर्चिक. खासेराव जाधवांना शेतकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. दुसरी सवय लिहिण्याची. राजा दुष्काळी दौऱ्यावर निघाला तर परतल्यावर स्वतःची टिपणे छापून काढी. 1901 ची ‘फॅमिन टूर’ची टिपणे प्रसिद्ध आहेत. स्वतः राजा लिहितो म्हटल्यावर हाताखालच्यांना लिहावेच लागे. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये महाराजांना पुस्तके वाचून दाखवायच्या कामावर आले. राजपुत्रांना शिकवण्यासाठी त्यांनी इतिहासाची जुळवाजुळव केली, आणि तिच्यातूनच 1898 मध्ये ‘मुसलमानी रियासत’ हा पहिला खंड निघाला. पुढचे मराठ्यांच्या इतिहासाचे सगळे खंड त्यामागून आले. महाराष्ट्र ज्यांना रियासतकार म्हणून ओळखतो, ते घडले बडोद्याच्या पगारावर आणि बडोद्याने दिलेल्या सवडीवर. तिसरी सवय बाहेरच्या माणसाला घरात घेण्याची. 1906 च्या दौऱ्यात राल्फ व्हाइटनॅक हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ नजरेत भरला, त्याला बडोद्यात आणले गेले. 20 जुलै 1908 रोजी बँक ऑफ बडोदा सुरू झाली, तिच्या जडणघडणीत त्याचा हात होता. उस्ताद मौलाबक्ष यांनी 1886 च्या गायनशाळेत स्वतःची स्वरलेखनपद्धती आणली. परंपरेने गाणाऱ्याला गाणे कागदावर लिहायची मुभा आणि पगार दोन्ही मिळाले, ही गोष्ट तेव्हाच्या उस्तादांच्या जगात लहान नव्हती.

राज्याने धर्माच्या प्रांतातही हात घातला. 1901 मध्ये विधवाविवाहाचा, 1904 मध्ये बालविवाह रोखण्याचा कायदा झाला. 1915 च्या पुरोहित कायद्याने भिक्षुकांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायला लावले. वरून बदल करणे इथवर चालले.

आणि मग 1917 साल येते. भीमराव आंबेडकर हे बडोद्याच्याच पैशाने शिकलेले. 1913 च्या जानेवारीत ते संस्थानच्या नोकरीत दाखल झाले होते, पण वडिलांचे आजारपण आणि 2 फेब्रुवारीला झालेला त्यांचा मृत्यू यांमुळे मुंबईला परतले. त्याच जूनमध्ये करार झाला: दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. कराराप्रमाणे ते 1917 मध्ये बडोद्यात आले. हाती कोलंबियाचे शिक्षण, लंडनची तयारी. राज्याने त्यांच्या बुद्धीवर जे लावले त्याचे फळ घ्यायची वेळ होती.

कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून टाकत. शहरात घर कुणी दिले नाही, तेव्हा ते पारशी नाव घेऊन पारशी विश्रामगृहात राहिले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, पण तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला आणि वेळेत निकाल लागला नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारश्यांचा जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनाही तो देता आला नाही. कामाठीबागेत दिवस काढून ते मुंबईच्या गाडीत बसले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे सारे स्वतः लिहिले आहे.

या प्रसंगाला अपवाद म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. ते करू नये. 1883 च्या सुमारास संस्थानने अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा हिंदू शिक्षक पुढे येईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले होते. 1908 मध्ये पंजाबातून आर्यसमाजी आत्माराम अमृतसरी यांना या शाळांवर आणले गेले. म्हणजे आपल्याच नोकरवर्गाच्या मनाची कल्पना हुजुरांना होती. माणसाला शिकवायला पैसे होते, परदेशी धाडायची हिंमत होती, पण तो परत आल्यावर ज्या टेबलाशी बसणार त्याच्या भोवतालचा शिपाई, कारकून आणि बंगल्याच्या अर्जावर सही करणारा अधिकारी यांच्यासाठी अमरेलीसारखा प्रयोग कधी झालाच नाही. नवा विचार गज्जर, मोतीभाई आणि दलाल यांच्यामार्फत खाली उतरला, कारण त्यांच्या कल्पनांना कुणाची जात आड येत नव्हती. आंबेडकरांची कल्पना तर दूरच, त्यांचे नुसते बसणेही कचेरीला सोसले नाही.

दुसरे एक वैगुण्यही होते. ज्या राजाने इतरांना सुचू दिले, त्याच्याच हुजुरात सगळे निर्णय जाऊन अडकायचे. तो परदेशी असला की कागद वाट पाहत. मंत्र्यांची समिती नेमली, नियम छापले, पण हुकूम कुठून येतो हे कारकुनाला ठाऊक होते.

सयाजीराव 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत वारले. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. दहा वर्षांनी, 1 मे 1949 रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत मिसळले. दलालांच्या संस्कृत शाखेतून 1927 मध्ये वेगळी झालेली प्राच्यविद्या मंदिर ही संस्था विद्यापीठाकडे आली. संस्थान गेल्यावर दोन वर्षांनी, 1951 मध्ये, तिने वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. अनेक लिपींतल्या हस्तलिखितांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहणारे हे काम 1975 मध्ये सातव्या कांडाच्या प्रकाशनाने पुरे झाले.